अक्षरातून नाहीसा झालेला ड्रायव्हर

१. आठ चेहरे

वीस फूट लांब शब्दात ड्रायव्हरदादा स्वतःला शोधत होते आणि काही केल्या सापडत नव्हते.

शब्द होता 'धाडस'. आमच्या दुकानामागच्या अंगणात तो फरशीवर अंथरला होता, शाईचा वास अजून गेला नव्हता. अग्निशमन केंद्राला पन्नास वर्षं झाली म्हणून केंद्राच्या दर्शनी भिंतीवर लावायचा हा फलक. अक्षरांत नुसता रंग नव्हता, अक्षरांच्या पोटात जुना फोटो भरला होता. केंद्राची पहिली गाडी, गाडीच्या डोक्यावर आडवी लांबलचक शिडी आणि पुढे ओळीनं उभे नऊ जवान. तेलाच्या गोदामाची आग विझवून सकाळी परतले तेव्हाचे, काजळीनं माखलेले. अक्षराच्या आत फोटो, अक्षराबाहेर कोरं पांढरं.

त्या नऊ जणांतले दोघंच आता हयात. एक अंथरुणाला खिळलेले, दुसरे हे ड्रायव्हरदादा. वय ब्याऐंशी, हातात काठी. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांच्याच हातून पडदा उघडायचा होता. त्यांना आदल्या दिवशीच दाखवावं म्हणून केंद्राचे साहेब त्यांना गाडीत घालून घेऊन आले होते, बरोबर त्यांची लेक आणि केंद्राचा कारकून.

"वहिनी, मी यात नाही हो," दादा मला म्हणाले.

"असं कसं होईल? चष्मा पुसा आधी."

त्यांनी चष्मा पुसला. त्यांची लेक गुडघ्यांवर बसली आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेली. आठ. परत मोजले. आठच.

साहेबांनी हातातला कागद पुढे केला. "हा नमुना दुपारी तुमच्याच दुकानातून आला. यात बघा."

कागदावर तोच शब्द हातभर आकारात होता. त्यात ड च्या मानेत ड्रायव्हरदादांचा चेहरा स्पष्ट दिसत होता, छाती काढून उभे. मी वाकून फलक बघितला. धा चा काना संपतो आणि ड सुरू होतो त्या मधल्या पांढऱ्या जागेत दादा गेले होते. ड च्या पोटात त्यांचं एक कोपर तेवढं राहिलं होतं.

ज्या माणसानं गाडी नेली त्याचं केवळ कोपर.

"आजी," साहेब म्हणाले, "सात वाजेपर्यंत मला कळायला हवं हे कुणी केलं. नाहीतर मी दुसरीकडून करून घेतो, आणि आमच्या केंद्राचं काम परत तुमच्या दारात येणार नाही. चार ठिकाणी मी कारणही सांगेन."

तेवढ्यात माझा धाकटा लेक, छपाईचं मशीन चालवतो तो, बोलायची गरज नसताना बोलला. "कॉम्प्युटर वहिनी चालवते, साहेब. मी फक्त छापतो."

सूनबाई, माझ्या थोरल्याची बायको, दारात उभी होती. तिच्या तोंडावरचा रंग उडाला.

घड्याळात पाच वाजले होते.

२. झाकलेलं आणि पुसलेलं

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको की ही म्हातारी कोण लागून गेली.

शाळा मी तिसरीत सोडली. लग्न होऊन आले तेव्हा आमचे हे पाट्या रंगवायचे. ते खडूनं अक्षराची बाहेरची रेघ काढायचे आणि मी आत रंग भरायची. कुठल्या अक्षराची मान बारीक, कुठल्याचं पोट सुटलेलं, कुठल्या वळणावर ब्रश आडवा धरायचा, हे मला वाचता येण्याआधी येत होतं. चाळीस वर्षांत माझा रंग रेघेबाहेर गेलेला कुणी दाखवावा, मी त्याचे पाय धरीन. अजून कुणी आलेलं नाही.

मग ब्रश वाळत पडायला लागले. सूनबाई हे कॉम्प्युटरचं शिकून आली होती. दुकानातली ती खुर्ची तिला मी दिली, धाकट्याच्या नाकावर टिच्चून. त्याला बाहेरचा एखादा टाय लावलेला माणूस बसवायचा होता. घरात दोन दिवस भांड्यांशिवाय कुणी आवाज केला नाही. तेव्हा आज त्या खुर्चीवर आळ आला तर तो माझ्या अकलेवरही होता, हे धरून चाला.

साहेबांना आणि दादांना मी पुढच्या खोलीत चहाला बसवलं आणि सूनबाईला खुर्चीत बसवलं.

"रडायचं असेल तर नंतर रड. आधी मला सांग, त्यांना पुसलं कुणी?"

"पुसलं नाही, आई. पुसता येतंही नाही तसं. हे बघा." तिनं पडद्यावर दाखवलं. "खाली अक्षरांचा थर आहे, वर फोटोचा. दोन्ही एकमेकांना जोडले की फोटो अक्षरापुरताच दिसतो. बाकीचा झाकला जातो. अक्षर म्हणजे खिडकी म्हणा. फोटो मागून हवा तसा सरकवता येतो."

तिनं माउस ओढला. दादा ड च्या मानेतून बाहेर गेले. परत ओढला. परत आले.

"म्हणजे माणूस घालवायला पुसायची गरज नाही. बोटभर सरकवला की संपलं."

"हो. आणि मी कशाला सरकवीन? दोन दिवस घालवून मी नऊच्या नऊ चेहरे अक्षरांत बसवले होते. साडेबाराला नमुना छापला तेव्हा दादा होते, तुम्ही बघितलंय. त्यानंतर मी हात लावला नाही."

"मग कुणी लावला?"

ती माझ्याकडे बघून गप्प राहिली. का, ते मला कळलं. आमच्या दुकानाचा एक नियम आहे आणि तो माझा आहे. सही करण्याआधी गिऱ्हाइकाला कामासमोर एकटं सोडायचं. पूर्वी पाटीवरच्या खडूच्या रेघांसमोर सोडायचो, आता पडद्यासमोर. कुणी मानेवर बसलं की माणूस घाईत सही करतो आणि नंतर बोंब मारतो. तेव्हा फाइल उघडी ठेवायची आणि आपण सगळ्यांनी मागे जेवायला जायचं.

त्या दुपारी फाइल अशीच उघडी होती.

एक ते दीड पडद्यासमोर केंद्राचा कारकून होता, नमुन्यावर सही करायला आलेला. दीडला भिंगवाला आला. जुना फाटका फोटो दुरुस्त करून देणारा तो, रंग जुळतात का बघायला बसला होता. तीनला धाकट्यानं फाइल उचलून मशीनवर नेली. फाइल शेवटची साठवल्याची वेळही तीनचीच दिसत होती. त्याच्या आधी कुणी काय केलं ते कॉम्प्युटर सांगत नव्हता.

"चुकून धक्का लागला असेल," धाकटा मागून म्हणाला. "वहिनीचा."

मी उठले आणि नमुना घेऊन अंगणात गेले.

३. शिडीच्या पायऱ्या

मला मोठी वाक्यं वाचायला वेळ लागतो. मोजायला लागत नाही.

गाडीवरची ती आडवी शिडी सूनबाईनं मोठ्या खुबीनं शब्दाच्या शिरोरेषेत बसवली होती. वरची रेघ बघितली की सबंध रेघभर शिडीच्या पायऱ्या. मी कागदावर ड च्या डोक्यावरच्या पायऱ्या मोजल्या. चौदा. मग फलकावर पाय दुमडून बसले आणि त्याच ड च्या डोक्यावरच्या मोजल्या.

बारा.

धाकट्याला हाक मारली. "मोज."

"बारा. मग काय झालं? हा ड मोठा आहे, तो छोटा."

"ड मोठा आहे म्हणजे त्याच्या आतलंही तेवढंच मोठं झालं ना? छोट्या डब्यात चौदा लाडू मावले तर मोठ्या डब्यात मोठे चौदा मावायला हवेत. दोन गेले कुठे?"

तो डोकं खाजवायला लागला. सूनबाईच्या मात्र एकदम लक्षात आलं. "आई, फोटो नुसता सरकवला नाही. वाढवलाय! सरकवल्यानं पायऱ्या इकडच्या तिकडे होतील, दोन कमी नाही होणार."

"आणि वाढवायचं धक्क्यानं होतं का?"

"नाही. कोपरा धरून ओढावा लागतो. मुद्दाम."

मी धाकट्याकडे बघितलं. त्यानं फरशीकडे बघितलं. चुकून झालं हा विषय तिथेच संपला.

पण मुद्दाम तरी का? दादांना घालवायला नुसतं सरकवून भागत होतं. वाढवायची मेहनत कुणी कशाला घेईल? मी फलकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, कमरेवर हात ठेवून. सगळे जण, साहेब, दादा, ही दोघं, एकाच गोष्टीकडे बघत होते. कोण गेलं? मी शेवटच्या अक्षरापाशी थांबले. स चा उभा दांडा. त्या दांड्यात दाराची चौकट होती आणि चौकटीत काहीतरी काळसर उभं होतं.

कागद बघितला. नमुन्यातल्या त्या दांड्यात नुसती वीट होती. दार नव्हतं.

"सूनबाई," मी म्हटलं, "अक्षरं काढून टाक आणि मला सबंध फोटो दाखव. गेलं कोण ते कळलं. आलं कोण, ते बघू."

४. भिंगवाल्याचं नाक

सबंध फोटोच्या अगदी उजव्या कडेला केंद्राचं दार होतं. दारात कुणीतरी. अर्धं अंग आत, अर्धं बाहेर. चेहरा होता असं म्हटलं तर होता.

"हे शब्दाच्या बाहेर जात होतं," सूनबाई म्हणाली. "मला वाटलं दाराला टांगलेला रेनकोट असेल. केंद्राच्या यादीत नऊच नावं होती. मी नऊ बसवले."

फोटो डावीकडे सरकवला की हे दार स च्या दांड्यात येत होतं. पण फोटोची कडही जवळ येऊन दांड्यात बोटभर पांढरी पट्टी राहात होती. सूनबाईनं करून दाखवलं. ती पट्टी झाकायची तर फोटो वाढवायलाच हवा. चौदाच्या बारा पायऱ्या तिथे झाल्या होत्या.

म्हणजे दादांना कुणी घालवलंच नव्हतं. दारातल्या माणसाला आत घ्यायच्या नादात ते बाहेर पडले होते.

आता एकच प्रश्न विचारायचा होता, आणि तो असा विचारायचा होता की समोरच्याला तो प्रश्न वाटू नये.

भिंगवाल्याला मी निरोप पाठवला, तो दहा मिनिटांत हजर. गळ्यात दोरीला भिंग, कपाळावर घाम.

"मावशी, माझा काही संबंध नाही."

"अजून मी काही विचारलं नाही, तोवर संबंध कशाला तोडतोस? बस. तू रंग बघायला एकटा बसला होतास ना?"

"दहा मिनिटं."

"दादांचा चेहरा कसा होता?"

तो एकदम रडवेला झाला. "कुणी सांगितलं तुम्हाला? मूळ फोटोत त्यांच्या चेहऱ्यावरून घडी गेली होती हो. बाकी आठ मी असे केले की त्यांच्या बायकांनी ओळखावं. पण दादांचं नाक... नाक मला जमलं नाही. वीस फुटांवर ते बटाट्यासारखं दिसणार, मला माहीत होतं."

सूनबाईनं माझ्याकडे बघितलं. कारण तर तगडं होतं. आपलं बिघडलेलं काम झाकायला माणूस काय काय करतो ते मी चाळीस वर्षं बघितलंय.

"बरं, ते नाक राहू दे. फोटोत माणसं किती रे?"

"नऊ," तो म्हणाला. "एकेकाचं नाक मी केलंय, मावशी, मला विचारता? आणि दारात एक कोट लटकतोय. तो मी साफही केला नाही."

भिंगातून बघूनही त्याला कोटच दिसला होता. कोट आत घ्यायला कुणी फोटो वाढवत नाही. त्याला मी चहा दिला आणि घरी पाठवला.

धाकट्याला मशीनपाशी गाठलं. "फोटोत माणसं किती?"

"मला काय माहीत? मी शाई बघतो. आई, तू माझ्यावर संशय घेतेस?"

"घेत नाही. तू वहिनीचं नाव साहेबांपुढे घेतलंस त्याचा हिशेब वेगळा होईल, घरी. संशय घ्यायला तू फोटो बघितलेला असायला हवा."

सव्वासहा वाजले होते. राहिला होता एकच जण, आणि तो पुढच्या खोलीत साहेबांच्या मागे उभा होता.

५. टाचणी

केंद्राच्या कारकुनाला सगळे टाचणी म्हणतात. माणूस बारीक, आणि सदऱ्याच्या खिशाला कायम चार टाचण्या खोचलेल्या. वय पन्नाशीच्या पुढे. केंद्राच्या सूचना, ओळखपत्रं, त्यावरचे फोटो, सगळं तोच कॉम्प्युटरवर करतो. पण आवाज असा की चुलीमागच्या मांजराचा मोठा. त्याच्यावर कुणाची नजर गेलीच नव्हती. त्याचं ना दादांशी वाकडं, ना आमच्याशी.

मी त्याला मागच्या खोलीत बोलावलं, रंगाच्या डब्यांच्या राशीत. स्टुलावर बसवलं.

"एक मदत कर रे. आम्ही नवीन छापणार, यावेळी चूक नको. फोटोत एकूण माणसं किती?"

"दहा," तो म्हणाला.

विचार केला नाही, बोटांवर मोजलं नाही. आपल्या घरात माणसं किती असं विचारल्यावर जसं सांगतात तसं सांगितलं.

मी डब्यावरचं झाकण उगाच घट्ट केलं. "यादीत नऊ आहेत. यादी तूच टाइप केलीस."

त्याचा हात खिशाकडे गेला. एक टाचणी काढली, परत खोचली. परत काढली.

"कोण आहे रे ते, दारातलं?"

तो त्या टाचणीनं डब्यावरचा वाळलेला रंग खरवडत राहिला. मी वाट बघितली. मला गप्प बसता येत नाही असं घरात म्हणतात, त्यांनी तेव्हा बघायला हवं होतं.

"आई," तो शेवटी म्हणाला. "माझी आई आहे, आजी."

त्या रात्री ती केंद्राच्या टेलिफोनवर होती. रोजंदारीवर, बदली म्हणून. आग दोन गल्ल्यांपलीकडे होती, धूर खोलीत भरला होता, तोंडाला ओला पदर बांधून सकाळपर्यंत ती फोनपाशी बसली. सकाळी फोटोवाला आला, सगळ्यांना बोलावलं. ती दारापर्यंत आली आणि आत परत फोन वाजला. म्हणून अर्धी आत, अर्धी बाहेर.

"ती जाऊन चार वर्षं झाली. तिचं नाव यादीत घ्या म्हणून तीनदा अर्ज दिला. कायम नोकरीत नव्हत्या, असं उत्तर आलं. तिसऱ्या वेळचं उत्तर मलाच टाइप करायला लावलं." तो हसल्यासारखा झाला. "दुपारी तुम्ही सगळे जेवायला गेलात. समोर फोटो उघडा. ती कडेला, शब्दाच्या बाहेर. मी बघायला म्हणून तेवढा स पडदाभर मोठा करून घेतला आणि तिला आत ओढलं. पांढरं राहात होतं म्हणून वाढवलं. पडद्यावर नुसता स होता हो, आजी. पलीकडे काय होतंय ते मी बघितलंच नाही. नमुना आधीच छापलेला, त्यावर सही केली आणि गेलो."

अर्धा तास एका अक्षरात डोकं घालून बसल्यावर दुसऱ्या अक्षराचं काय झालं ते दिसत नाही. ब्रश धरणाऱ्यालाही हेच होतं. म्हणून आमचे हे मला दर अक्षरानंतर रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायला लावायचे.

"आपल्या आईला दारातून आत आणलीस," मी म्हटलं, "आणि दुसऱ्याच्या बापाला बाहेर काढलास."

त्यानं मान खाली घातली. "नोकरी जाईल माझी."

"जाईलही. मी तुझं नाव सांगणार नाही. पण सात वाजले आणि माझ्या सुनेवर बोट राहिलं, तर मी गप्प बसणार नाही. वीस मिनिटं आहेत. बाहेर सूर्य आहे अजून, माणसासारखा चालत जा."

मी डबे आवरत बसले. पावलं ऐकू आली. ती रस्त्याकडच्या दाराशी गेली. तिथे थांबली.

मग पुढच्या खोलीकडे वळली.

६. रेघ

साहेबांचा आवाज तीन घरं ऐकत असावीत. "सरकारी फलकात ढवळाढवळ! लेखी जबाब द्यायचा, आत्ता!"

टाचणी सरळ उभा होता. सगळं त्यानं स्वतःच सांगितलं होतं, सूनबाईची माफीही मागून झाली होती. मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"साहेब, गिऱ्हाइकाला एकटं सोडायचा नियम माझा. जबाब घ्यायचा तर माझाही घ्या. सही मला करता येते, झोकात करते."

"आजी, तुम्ही यात पडू नका. यादीत नऊ नावं आहेत."

"थांबा जरा," ड्रायव्हरदादा म्हणाले.

ते काठी टेकत उठले. टाचणीपाशी जाऊन त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, कुणाची तरी खूण शोधावी तसे.

"फोनवाल्या बाईंचा मुलगा तू? तू तेव्हा बाकड्याखाली झोपलेला असायचास." मग साहेबांकडे वळले. "त्या रात्री मी पाण्याच्या पाच फेऱ्या केल्या. दर फेरीला केंद्रात आलो की ही बाई खिडकीतून ओरडायची, पुलाकडून जाऊ नका, तिकडे तेल पेटलंय, मागच्या गल्लीनं जा. खोकत ओरडायची. तिनं सांगितलं नसतं तर गाडीसकट मी तेलात गेलो असतो." त्यांचा श्वास लागला. "आज अर्धा तास मी स्वतःला शोधत होतो. सत्तेचाळीस वर्षांत तिला शोधावं असं मला सुचलं नाही. फलकावर एकालाच जागा असेल तर तिला ठेवा. माझं कोपर आहे, तेवढं पुरे."

साहेब वाईट माणूस नव्हते. यादीच्या बाहेर बघायची त्यांना सवय नव्हती, एवढंच. त्यांनी टोपी काढली, टेबलावर ठेवली.

"दोघंही बसतील का?" त्यांनी विचारलं. मला नाही, सूनबाईला.

सूनबाई पडद्यासमोर बसली. सरकवून बघितलं, वाढवून, कमी करून बघितलं. बाई आत आली की दादा बाहेर. दादा आत आले की बाई बाहेर. दहा मिनिटं झाली. तिचे डोळे भरायला लागले. "नाही बसत, आई. कसंही केलं तरी एक जण मधल्या जागेत जातो."

"सगळे मेले चित्रच हलवताहेत," मी म्हटलं. "चित्र जिथे आहे तिथे राहू दे. अक्षर हलव!"

"अक्षर?"

मी डब्यातून खडू घेतला आणि दुकानाच्या फरशीवर गुडघे टेकले. जन्मभर बाहेरची रेघ आमच्या ह्यांनी काढली आणि मी भरली. रेघ काढायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि मला येते का ते मलाही माहीत नव्हतं. पण शंभरदा ज्या अक्षराच्या पोटात फिरून आले त्याची कड हाताला पाठ असते. ड काढला, मान कान्याच्या जवळ नेली, जाड केली. स काढला आणि त्याचा दांडा बाहेरच्या अंगाला तीन बोटं फुगवला, दार मावेल इतका. खालचं टोक थोडं निमुळतं ठेवलं, नाहीतर अक्षर बसकं दिसतं. मग उठून रस्त्याच्या पलीकडे गेले आणि दारातून बघितलं.

थरथरलेली एक रेघ दिसली नाही. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये म्हणतात. ज्यांना दुसरे करणारे असतात त्यांचं ठीक आहे.

सूनबाईनं माझ्या खडूच्या रेघेवरून नवी अक्षरं काढली. फोटो मागे ठेवला, जोडला. ड च्या मानेत दादा आले, बटाट्याच्या नाकासकट. स च्या दांड्यात दार आलं. मग ती तेवढ्यावर थांबली नाही. दारातली ती काळसर आकृती पडद्यावर मोठी करून तिनं हलक्या हातानं उजळत नेली, आणि कोटाच्या जागी हळूहळू एक बाई दिसायला लागली. तोंडाला पदर, एक हात चौकटीवर.

टाचणीनं खिशातल्या चारही टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. का, ते त्यालाच ठाऊक.

"मशीन लाव," मी धाकट्याला म्हटलं. "आणि वहिनीला विचारून लाव."

आठ वाजता नवा फलक मशीनमधून बाहेर आला.

७. दहा वाजता

सकाळी केंद्रासमोर दोनशे माणसं तरी असतील. मी इस्त्रीची साडी नेसून पहिल्या रांगेत, बोलावलं नसतं तरी बसले असते.

साहेबांनी नावं वाचली. नऊ वाचली, थांबले, खिशातून दुसरा कागद काढला आणि दहावं वाचलं. पुढे 'टेलिफोन' असं म्हणाले. टाचणी खांबाला धरून उभा होता. लेखी जबाब त्याला द्यावा लागला होता, पण नोकरी होती.

ड्रायव्हरदादांनी दोरी ओढायच्या आधी त्याला हात करून बोलावलं. दोघांनी मिळून ओढली.

पडदा बाजूला झाला. लोक आधी शब्द वाचतात, मग आत बघतात. मी लोकांकडेच बघत होते. हळूहळू बोटं वर जायला लागली. ती बघ दारातली, हा बघ ड्रायव्हर. स च्या दांड्याखाली शाळेच्या मुलींचा घोळका जमला.

साहेब माझ्यापाशी आले, चार मोठी माणसं बरोबर घेऊन. "या आजी. यांच्या दुकानानं केलंय. आजी, काम बाकी झकास!"

"माझं नाही," मी म्हटलं, आणि मागे सरकू बघणाऱ्या सूनबाईला दंडाला धरून पुढे उभी केली. "हिचं. ही आमच्या दुकानाची मालकीण. यापुढे काही विचारायचं असेल तर हिला विचारा. मी फक्त भरत होते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. धाकट्याच्या हातातला पाण्याचा ग्लास वाटेतच थांबला. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा मला घाई करावी लागली, चारचौघांत मला असलं काही चालत नाही.

"रडतेस काय? रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघून ये. स चा दांडा अजून अर्धं बोट चालला असता."

ती खरंच गेली. पलीकडच्या फुटपाथवर उभी राहिली, मान तिरकी करून, डोळे बारीक करून, खूप वेळ. मग तिथूनच, एवढ्या माणसांच्या डोक्यावरून, मला ओरडून म्हणाली, "नाही, आई! बरोबर आहे!"

आणि बरोबरच होतं.